तळाची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या मंडळीत एक जानेवारीला सकाळच्या उपासनेनंतर वर्षाचं वचन काढतात. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, त्यांच्या बारीक सुरळ्या करून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या असतात. माणसं ओळीने पुढे येतात, डोळे मिटून डब्यात हात घालतात आणि जी चिठ्ठी हाताला लागेल ती देवाने त्या वर्षासाठी आपल्यालाच दिली, असं धरून चालतात. कुणी ती फ्रिजवर चिकटवतं, कुणी पाकिटात ठेवतं. कुणी दोन दिवसांत हरवतं आणि मार्चमध्ये मला गाठून विचारतं, की माझं वचन काय होतं हो बाई. जसं काही मी पोस्टात बसते.

मला विचारतात, कारण त्या चिठ्ठ्या मी लिहिते. आधी माझे वडील लिहायचे. ते सुवार्तिक होते. प्रभूचा संदेश सांगत सेलू-हिंगणीकडच्या गावांमधून सायकल हाणत फिरायचे आणि डिसेंबर लागला की घरी बसून पट्ट्या कापायचे. त्यांच्यानंतर हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, अक्षर वळणदार होतं आणि नाही म्हणायची सवय नव्हती, एवढी पात्रता पुरे झाली.

वडिलांचा एक नियम होता. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याने सगळ्यांत शेवटी घ्यायची, तळाला जी उरेल ती. लिहिणाऱ्याला कागदाची घडी ओळखू येते, शाईचा डाग आठवतो. त्याने आधी हात घातला तर ते निवडणं होईल, मिळणं होणार नाही, असं ते म्हणायचे. तो नियम मी आजवर मोडला नाही. पण एवढी वर्षं तळाची चिठ्ठी उलगडताना मला देवाची चाहूल अशी कधी लागली नाही. दिसायचं ते माझंच अक्षर. 'ध' जरा बसका आलाय, एवढंच मनात यायचं.

आणि खरं सांगायचं तर त्या डब्यात काय असतं ते मला फार आधीपासून माहीत असतं. शाप, दुष्काळ, टोळधाड असलं मी कधी उतरवून घेत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी टोळधाड कुणाला हवी असते? म्हणजे देव त्या दिवशी जे काही बोलतो, ते मी आधी पारखून दिलेल्या दीडशे वाक्यांतलंच बोलतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईची भूक मेलेली असते, तसं माझं झालं होतं.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की प्रकटीकरण म्हणजे काय. रविवारच्या शाळेत तो शब्द आला होता आणि मला तो अवघड वाटला होता. ते अंगणात सायकलची चेन पुसत बसले होते. म्हणाले, स्वतःला गुदगुल्या करून बघ. मी बगलेत बोटं घालून पाहिली. काही झालं नाही. मग त्यांनी चेनीच्या वंगणाने काळं झालेलं एक बोट नुसतं पुढे केलं, अजून लागलंही नव्हतं, तर मी हसून खाली बसले.

"बघ," ते म्हणाले. "हे असं. आपलं आपल्याला करता येत नाही, बाहेरून यावं लागतं."

प्रभूने आपल्या शिष्याला सांगितलं होतं ना, की मी कोण हे तुला कुठल्या माणसाने शिकवलं नाही, वरच्या बापाने दाखवलं, ते याच अर्थाने, असंही त्यांनी मला समजावलं. माणूस आपल्या अकलेने देवापर्यंत पोचत नाही. देव आधी बोलतो, मग माणसाला विश्वास ठेवता येतो. मी ते पाठ करून टाकलं. मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधी दृढीकरणाचा वर्ग असतो, तिथे तेच उत्तर दिलं आणि शाबासकी घेतली. पण त्या दिवशी वर्ग घेणाऱ्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी पुढे विचारलं, की देव तुझ्याशी कधी बोलला का, आणि मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला प्रभूचा अनुभव आला, त्याने उठून मंडळीला सांगायचं. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला शेताच्या बांधावर हाक आलेली असते, कुणी दवाखान्यातल्या खाटेवर उजेड पाहिलेला असतो. त्या वेळेत मी गीतांच्या वह्या नीट रचते. इतक्या वर्षांत इतक्या नीट रचलेल्या वह्या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये सापडायच्या नाहीत. मी जन्माची ख्रिस्ती. मला कुणी हाक मारली नाही, कारण मी आधीच आत बसलेली होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुवार्तिकाची मुलगी, चिठ्ठ्या लिहिणारी बाई, तिनेच असं म्हटलं तर बाकीच्यांनी काय करायचं? भरलेल्या चर्चमध्ये मला जेवढं एकटं वाटायचं, तेवढं सिंदी मेघेच्या माझ्या रिकाम्या घरातही वाटत नसे.

घर रिकामं झालं त्याला आता आठ वर्षं होतील. माझे पती हिंगणघाटला एका सूतगिरणीत स्टोअर सांभाळायचे. रोज बसने जाणं-येणं. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचा फोन यायचा आणि त्यात रोज तेच वाक्य असायचं: मला उशीर झाला, पण मी वाटेत आहे. पहिला भाग खरा असायचा. दुसरा बहुतेक थाप, कारण मागून हिंगणघाट स्टँडवरचा कंडक्टर ओरडताना मला चांगला ऐकू यायचा. मी फोन ठेवून कुकर लावायची आणि दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे भाजी हलवता हलवता उठावं लागू नये. ते गेले ते सहा दिवसांच्या आजारात. मी प्रार्थना केली, जशी सगळे करतात तशी. उत्तर आलं नाही. मग सहा वाजले की मी दाराला कडी लावायला लागले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात चिठ्ठ्या लिहायला बसले, ती डोकं ठिकाणावर नसतानाच. दुपारची वेळ होती. चटईवर पट्ट्या, कात्री, शास्त्र, सगळं पसरलेलं. ऐंशी-नव्वद वचनं झाल्यावर हात आपोआप चालायला लागतो. एका कोऱ्या पट्टीवर मी लिहिलं: मला उशीर झाला आहे. पण मी वाटेत आहे. खाली अध्याय नाही, ओवी नाही. ते मी त्यांच्याकडून लिहिलं की देवाकडून, मला सांगता येणार नाही. मला ते कुणीतरी म्हणायला हवं होतं एवढं खरं. पट्टी बाजूला काढून माझ्या शास्त्रात ठेवायची असं मनात होतं. तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडर आत घेतलं, शेगडीला लावून पाहिलं, पावती शोधली, आणि परत येऊन बसले तेव्हा चटईवरच्या सगळ्या पट्ट्यांच्या सुरळ्या करून डब्यात भरून टाकल्या. वेगळी काढायची ती विसरले.

एक जानेवारीला मी डबा धरून वेदीजवळ उभी होते. ओळीच्या शेवटी एक अनोळखी बाई आली. चाळिशीची, काळीसावळी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाची नालवाडीतली शेजारीण. त्यांच्याबरोबर सहज म्हणून आलेली. इतरांचं पाहून तिनेही डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं.

मी सुरळी उलगडली. आता त्या वेळी सांगता आलं असतं, की ही चुकून पडली, दुसरी घ्या. दोन सेकंदांचं काम. पण मी मास्तरीण. समोर अक्षरं आली की तोंड वाचायला लागतं. मी वाचलं, "मला उशीर झाला आहे. पण मी वाटेत आहे."

तिने माझा हात धरला. मनगटाच्या वर, जोरात. मग चिठ्ठी घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि पदर तोंडावर घेतला. मी तळाची चिठ्ठी घ्यायची विसरून तशीच उभी राहिले.

तिची हकीकत मला नंतर कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी. ती हिंगणीपलीकडच्या एका वस्तीवरची, शेतकऱ्याच्या घरातली. जंगल लागूनच. अकरा वर्षांच्या मुलीला साप चावला आणि गाडी मिळेपर्यंत वेळ निघून गेला. ज्याची गाडी होती तो लग्नाला गेलेला, दुसऱ्याच्या गाडीत डिझेल नव्हतं, तिसरा आला तो फार मागाहून. नंतर प्रत्येकाने सांगितलं, की आपण लगेच निघालो होतो. नवराही म्हणाला, की नशिबात होतं. वर्षभरात ती नवऱ्याला शेतावर सोडून एकटी नालवाडीला आली आणि मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली.

तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा पाळकसाहेबांनी तिला पुष्कळ विचारलं, घाई करू नकोस म्हणून परत पाठवलं, पुन्हा बोलावलं. ती हटली नाही. एकदा उपासनेनंतर मी कारण विचारलं. उत्तर काय येणार हे मला आधीच कळलं होतं, तरी विचारलं.

"बाई, देवानं मानलं की त्याले उशीर झाला," ती म्हणाली. "बाकी कोणंच नाई मानलं."

त्या दिवशी तिला खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घाबरले म्हणून, आणि थोडा हेवाही वाटला म्हणून. माझ्या चुकीतून तिला जे मिळालं, ते मला वडिलांच्या सगळ्या शिकवणीतून मिळालं नव्हतं. तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी गीतांच्या वह्या रचत होते.

मग मी तिला वाचायला शिकवायला घेतलं. हे प्रायश्चित्त होतं असं म्हणायला हरकत नाही, पण मला गुरुवारची दुपार खायला उठायची हेही खरं. गुरुवारी मेसला दुपारची सुट्टी असते. ती ऑटोने सिंदी मेघेला यायची, चहा व्हायचा, मग अंकलिपी. पोळ्या लाटून लाटून तिची बोटं राठ झाली होती. पेन्सिल ती लाटण्यासारखी धरायची. शिकायला दोन वर्षं गेली. मग अक्षराखाली बोट ठेवून ती शास्त्र वाचायला लागली, पण वाचताना 'मला'चं 'मले' करायची आणि मी दर वेळी थांबवायची. ती हसून म्हणायची, "देवाले समजते, बाई. तुमालेच काऊन त्रास होते?" त्या सहा-सात वर्षांत माझ्या घरी नेमाने येणारं माणूस म्हणजे ती आणि दूधवाला. पैकी दूधवाला चहाला थांबत नसे.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टात पाळकसाहेबांनी तिला साक्ष द्यायला सांगितलं. सप्टेंबरचा तिसरा रविवार ठरला. ती माझ्याकडे आली ती उत्साहात, पिशवीत चिठ्ठी घेऊन. प्लास्टिकच्या छोट्या पुडीत ठेवलेली, घडीवर झिजलेली. तिला ती मंडळीपुढे वाचून दाखवायची होती. आणि आमच्याकडे वचन वाचलं की अध्याय आणि ओवी सांगावी लागते, लोक लगेच उघडून बघतात. तरुण मुलं मोबाइलवर शोधतात. तिने स्वतः शास्त्रात खूप शोधलं होतं. सापडलं नाही. तिला वाटत होतं, की आपण कुठेतरी पान गाळलं.

मी म्हणाले, शोधून सांगते.

ही थाप मी तीन आठवडे चालवली. पहिल्या गुरुवारी म्हणाले, जुन्या करारात असेल. दुसऱ्या गुरुवारी म्हणाले, जुन्या भाषांतरात शब्द वेगळे असतात. आणि वेड लागल्यासारखी मी खरोखरच शोधायला लागले, की निदान जवळपासचं काही सापडावं, थोडं ओढून ताणून बसवता यावं. उशीर झाला तरी वाट पाहा, अशा अर्थाचं सापडतं. देव मागाहून येतो असंही सापडतं. पण मला उशीर झाला, असं देव स्वतः कबूल करतो, हे कुठेही नाही. ते कबूल करणारा एकच माणूस मला माहीत होता आणि तो हिंगणघाट स्टँडवरून बोलायचा.

ती भर मंडळीत उभी राहणार, वचन वाचणार, कुणीतरी मोबाइल खाली ठेवून म्हणणार की असं वचनच नाही. मग तिचं काय होणार? आणि मी आधी सांगितलं तर काय होणार? मुलीच्या मरणानंतर ज्या एका वाक्यावर ती उभी राहिली, ते मी तिच्या पायाखालून काढून घेणार. शिवाय माझी गुरुवारची दुपार जाणार. मोठ्या गोष्टीशेजारी ही लहान गोष्ट मनात यायची आणि मला माझी शरम वाटायची. पण यायची.

साक्षीच्या आधीच्या दुसऱ्या गुरुवारी मी तिला सांगितलं. चहा झाला होता, कप तसेच पडले होते. पट्टी, चटई, गॅसवाला, फोन, स्टँड, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. एक जानेवारीला मी थांबवू शकले असते आणि थांबवलं नाही, हेही सांगितलं. ती चिठ्ठीकडे बघत ऐकत होती. मी संपवल्यावर तिने एकच विचारलं.

"म्हंजे हे तुमच्या घरच्यायचं बोलणं होतं?"

मी म्हणाले, हो, माझ्या नवऱ्याचं.

तिने चिठ्ठी पुडीत घातली, पुडी पिशवीत घातली. उठून दोन्ही कप धुतले, पालथे घातले आणि निघाली. तिची वही माझ्या टेबलावरच राहिली. मी हाक मारली नाही, काय म्हणून मारणार? पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी चहाचं आधण ठेवलं. चारला ते ओतून दिलं.

तो आठवडा मला फार जड गेला. नवरा गेला तेव्हा लोक येत-जात होते, डबे येत होते. या वेळी कुणी येणार नव्हतं, कारण माझं काय गेलं हे कुणाला माहीत नव्हतं. मी दुपारभर तिची वही चाळायची. पानभर तिने एकच शब्द गिरवलेला असायचा, आणि समासात, मी न सांगता, मुलीचं नाव.

तिसऱ्या रविवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. उपासना सुरू झाल्यावर आली आणि त्या पहिल्या दिवशीच्या शेवटच्या बाकावर बसली. पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी नेमकं यावरच होतं, की विश्वास माणसाच्या बुद्धीतून उगवत नाही, देव स्वतःला प्रकट करतो तेव्हाच तो येतो. चांगलं बोलले. आधार दिले, उदाहरणं दिली. मी वडिलांचं वंगणाचं बोट आठवत बसले होते.

मग तिला पुढे बोलावलं. ती हात मोकळेच ठेवून उभी राहिली. पदराचा काठ हातात धरला, सोडला. मी गीतांच्या वह्यांना हात लावला नाही.

"माही पोरगी गेली तवा कोणाचीच गाडी वेळेवर आली नाई," ती म्हणाली. "मंग इथं मले एक चिठ्ठी भेटली. मले वाटलं, देवाची हाये. ते देवाची नोहोती, माणसाची होती. हे मले आता समजलं. दहा दिवस मी घरीच बसून राह्यली. म्हटलं, आता जायचं कायले? पण आज सकाळी उठली, आंघोळ केली अन आली. काऊन आली, ते मले सांगता येत नाई. चिठ्ठी नाई, तरी आली. कोणीतरी बोलावलं असन."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. कुणाची चिठ्ठी हे तिने सांगितलं नाही. मंडळी जरा गोंधळली; स्वप्न नाही, उजेड नाही, वचनाचा आकडाही नाही. पाळकसाहेब आमेन म्हणाले आणि मग सगळे म्हणाले. मला त्या साक्षीइतकी नागडी साक्ष आठवत नाही. तिच्याजवळ आता धरायला काही नव्हतं आणि ती तरीही तिथे होती. ते तिला माझ्याकडून मिळालेलं नव्हतं. एवढं मला लख्ख कळलं, आणि मी जास्तच एकटी झाले. कारण मग ते ज्याच्याकडून मिळालं होतं, तो माझ्याशी अजून बोललेला नव्हता.

उपासना सुटल्यावर मी मागच्या दाराने निघाले होते. आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथे तिने मला गाठलं. पिशवीतून ती पुडी काढली. मला वाटलं, तोंडावर मारणार. मारायला हवी होती.

"हे तुमची हाये, बाई," ती म्हणाली. "तुमी तुमच्यासाठी लिवली होती ना? मधात माह्याजवळ राह्यली."

मी म्हणाले, तुझ्याजवळच राहू दे, मला ती घ्यायचा हक्क नाही. ती म्हणाली, की तिची आता पाठ झाली आहे. आणि मग तिने मला विचारलं, ही तुम्हाला कधी कुणी वाचून दाखवली का. मी मान हलवली. कोण दाखवणार?

"बसा," ती म्हणाली.

मी बसले. ती शेजारी बसली, चिठ्ठी मांडीवर ठेवून सपाट केली आणि मी शिकवलं होतं तसं अक्षराखाली बोट ठेवलं. शाई फिकी पडली होती, पण वाचता येत होती. तिने हळू, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"मले उशीर झाला हाये. पण मी वाटेत आहो."

मी दुरुस्त केलं नाही. ते वाक्य मी हजारो वेळा ऐकलं होतं, मग माझ्या हाताने लिहिलं होतं, माझ्या तोंडाने वाचलं होतं. आणि आता ते बाहेरून, दुसऱ्याच बाईच्या आवाजात, सात वर्षं फिरून माझ्याकडे आलं होतं. मला रडू आलं. साधं नाही, लहान मुलीसारखं, नाक वाहेपर्यंत. तिने तिचा पदर पुढे केला आणि मी त्यात नाक पुसलं. आवारातली माणसं बघत होती. बघू दिली.

तिला संध्याकाळच्या पोळ्या होत्या, ती फार थांबली नाही. गुरुवारी येशील का, असं मी विचारलं. वही राह्यली ना तुमच्याकडे, असं ती म्हणाली आणि नालवाडीच्या ऑटोत बसली.

तो देवाचा आवाज होता का, हे मला माहीत नाही. वडील असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांनी उत्तर दिलं असतं की चेन पुसत बसले असते, तेही सांगता येत नाही. घरी आले. चिठ्ठी शास्त्रात ठेवली, जिथे ती आधीच ठेवायची होती. दुपारी थोडी पडले, उठून कुकर लावला. बाहेर उजेड उतरायला लागला आणि घड्याळात सहा वाजले. कडी लावायला मी दाराशी गेले, हात कडीवर ठेवला, आणि ती न लावता तशीच परत येऊन भाजी हलवत बसले.